माझ्या वाटणीची तहान

डॉक्टरांनी आधी रिपोर्ट पाहिला, मग माझ्या हातातली पाण्याची बाटली. "मॅडम, किडनी का काम बहुत कम हो गया है. डायलिसिस स्टार्ट करना पडेगा. और पानी अब नाप के." डॉक्टर केरळचे, हिंदी जपून बोलणारे, त्यामुळे शब्द न् शब्द कळला. मला धसका बसला तो शेवटच्या वाक्याचा. हसाल तुम्ही, पण मस्कतच्या उन्हाळ्यात राहणाऱ्या कुणालाही विचारा.

सुरुवात पायांपासून झाली होती. संध्याकाळी चपला घट्ट व्हायच्या. सकाळी डोळ्यांखाली सूज, आणि ताट समोर आलं की मळमळ. आम्ही सगळं खापर उन्हावर फोडलं. तुमच्या घरात कुणाचे पाय असे सुजत असतील तर उन्हाला नावं ठेवत बसू नका, रक्त-लघवी तपासून घ्या. क्रिएटिनीन म्हणजे रक्तात साठणारा कचरा. किडनी थकली की तो वाढतो. माझा पार वाढला होता.

डायलिसिस म्हणजे मशीनने रक्त धुणं. सुई टोचताना दुखतं, बाकी वेळ नुसता कंटाळा. माझा खरा आजार मशीनच्या बाहेर होता. त्याचं नाव फ्लुइड रिस्ट्रिक्शन. दिवसभराचं पाणी, चहा, ताक, आमटी सगळं मिळून देवघरातल्या लहान तांब्याएवढं. त्याहून जास्त झालं तर ते अंगात साठतं, फुप्फुसात उतरतं आणि माणूस कोरड्या जमिनीवर बुडतो.

आणि आम्ही राहतो मस्कतच्या रुवी भागात. इथे मशिदीबाहेर, घरांच्या कुंपणाच्या भिंतींना थंड पाण्याचे कूलर लावलेले असतात. वाटसरूला पाणी पाजणं हे पुण्याचं काम. हे दुसऱ्यांचं पुण्य माझ्या वाटेत जागोजागी उभं असायचं. कामावरून परतणारी माणसं गटागटा प्यायची आणि उरलेलं डोक्यावर ओतायची. मी कधी कुणाच्या दागिन्यांचा हेवा केला नाही, कुणाच्या पुण्यातल्या फ्लॅटचा केला नाही. पण डोक्यावर ओतायला पाणी उरतं म्हणजे काय! जळून कोळसा व्हायचे मी.

सगळ्यात जास्त हेवा वाटायचा नवऱ्याचा. सुधीर बांधकामाच्या साइटवर सुपरवायझर आहे. तो माझ्यासमोर पाणी प्यायचा नाही, आणि त्यानेच माझं डोकं फिरायचं. म्हणजे हा कुठेतरी लपून पितोय! फ्रीजचं दार वाजलं की माझे कान टवकारायचे. अल मवालेहच्या फळबाजारातून त्याने कलिंगड आणायचं बंद केलं, तर मी म्हटलं, "तिथेच कापून खाऊन येत असशील."

"अगं, नाही गं."

"आणि साइटवर? बर्फाचं पाणी असतं ना तिथे?"

"असतं."

एवढं बोलून तो गॅलरीतले कपडे काढायला गेला. मी मनात म्हटलं, चोराच्या मनात चांदणं. त्या दिवसांत आमचं बोलणं कमी कमी होत गेलं. किडनीबरोबर संसारही जाणार की काय, अशी मला भीती वाटायला लागली, आणि तरी जीभ थांबत नव्हती.

मग ऐन उन्हाळ्यात एका दुपारी त्याच्या फोरमनचा फोन आला. "भाभी, साब के पेट में बहुत दर्द है, हॉस्पिटल लाये हैं. टेन्शन नहीं लेना, इन्शाल्ला ठीक हो जायेगा."

मी पोचले तेव्हा सुधीर खाटेवर मुटकुळं करून कण्हत होता. सोनोग्राफीत किडनी स्टोन निघाला, म्हणजे मुतखडा. माझेच डॉक्टर त्याला बघायला आले. त्यांनी विचारलं, "दिन में पानी कितना पीते हो?"

सुधीरने माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. "जितना ये पीती है, उतना ही."

डॉक्टर उडालेच. सुधीर हळूच मला म्हणाला, "तू इतकी वर्षं माझ्यासाठी हरतालिकेला निर्जळी राहिलीस. म्हटलं, आता माझी पाळी."

खरं आहे ते. दरवर्षी आम्ही मैत्रिणी रुवीत एकीच्या घरी जमून हरतालिका पूजतो, आणि नवऱ्याला आयुष्य मिळावं म्हणून दिवसभर पाण्याचा थेंब घेत नाही. पण एक दिवस, तेही एसीत बसून! हा शहाणा रोज, ओमानच्या उन्हात, साइटवर उभा राहून करत होता.

"ये क्या पागलपन है?" डॉक्टर चिडले. "रोज तीन लिटर पानी. यही आपकी दवाई है. मॅडम, आप खुद देखना, पीते हैं या नहीं."

तुम्हाला वाटेल, माझे डोळे भरून आले असतील. आले, पण नंतर. आधी अंगाचा तिळपापड झाला. मला जे विष, ते याला औषध म्हणून लिहून मिळालं! वर माझी तहान, निदान ती तरी एकटीची होती, तिच्यातही हा वाटेकरी झाला होता. घरी येऊन मी बाथरूमचा नळ सोडून रडले. त्या पाण्याचाही हेवा वाटला.

खडा यथावकाश पडला. माझं नाव नवी किडनी हवी असणाऱ्यांच्या यादीत आहे. तोवर तोंडात बर्फाचा लहान खडा किंवा लिंबाची फोड धरते, मीठ कमी खाते. तुमच्यावर ही वेळ आली तर घरच्यांना सांगा, माझ्यासमोर प्या. लपवलेल्या पाण्याने तहान जास्त लागते.

यंदा हरतालिकेला मैत्रिणींनी विचारलं, "तू कशी गं करणार?" म्हटलं, "माझी रोजचीच चालू आहे." पूजा करून घरी आले आणि सुधीरला ग्लास भरून दिला. तो हातात धरून माझ्याकडे बघत बसला.

"पी मुकाट्याने," मी म्हटलं. "माझा उपास त्यानेच फळणार आहे."

तो प्यायला. शेवटच्या घोटापर्यंत मी त्याच्या गळ्याकडे बघत होते. हेवा वाटत होताच. मग मी ग्लास पुन्हा भरला.