नववं पान

दाजीकाका गेल्याची खबर कल्याणहून सकाळच्या गाडीनं आलेल्या त्यांच्या शेजाऱ्यानं ठाण्याच्या कचेरीत आणली, तेव्हा मी बोरू तासत होतो. चाकू बोटात गेला. थेंबभर रक्त पाहून मीच मटकन खाली बसलो... आणि हा पुतण्या कोणाचा? सत्तावन्न सालच्या बंडात मांडीत गोळी शिरल्यावरही संगीन चालवणाऱ्याचा!

दर भाद्रपदात घातचतुर्दशीला, म्हणजे शस्त्रानं मेलेल्यांच्या श्राद्धाला, काका आठ पानं मांडत. सात पानं पलटणीतल्या सोबत्यांची. खीर वाढता वाढता सांगत, "हा सखाराम. तोफेनं मुंडकं नेलं, तरी धड दोन पावलं चाललं. हा धोंडी. आतडी ओंजळीत धरून पाणी मागत होता." माझा घास तोंडातच फिरे. "गीळ रे, कारकुना! ते मेले तरी कण्हले नाहीत, आणि तुला खीर उतरत नाही?"

"आठवं कोणाचं?" मी एकदा विचारलं.

"बंडवाल्या पोराचं. संगीन बरगडीत अडकली. छातीवर पाय देऊन उपसली. माझ्याकडेच बघत होता... नाव विचारायला वेळ कुठे दिला मी?"

जाण्याच्या आठवडाभर आधी भेटलो, तेव्हा काका तापानं फणफणले होते. मनगट धरून म्हणाले, "मला त्यांच्याच पंगतीत बसव. कबूल कर." मी कबूल केलं. पण काका गेल्यावर भटजींनी मान हलवली. "खाटेवर तापानं गेले. शस्त्रानं मेलेल्यांत कसं बसवू?" मी कचेरीतला सगळा कायदा पाजळला आणि हरलो.

तिसऱ्या दिवशी खाडीकाठी अस्थी वेचताना राखेत बोटांना काही जड लागलं. वितळून थिजलेलं शिसं, सुपारीएवढं. पलटणीच्या डाक्तराला कधीच न सापडलेली ती मांडीतली गोळी. भटजींनी तळहातावर तोलून पाहिली. म्हणाले, "शस्त्रानंच गेले म्हणायचे. जरा सावकाश."

वर्ष सरेपर्यंत त्यांच्या नावानं वाढता येत नाही. म्हणून परवाच्या चतुर्दशीला मी आठच पानं वाढली. सखाराम, धोंडी... सगळं काकांसारखंच सांगितलं, कापऱ्या आवाजात. आठव्याच्या शेजारी नववं पान नुसतं मांडून ठेवलं. खाडीवरच्या वाऱ्यानं ते सारखं उडू लागलं, म्हणून त्यावर ते शिसं ठेवलं.

मग पान हललं नाही.