गुनवोरला क्रमांक नव्हता

सोलफ्रिड आरोनसेनला आमच्या नगरपालिकेने शेवटची दोन वर्षं सांडपाण्याच्या तक्रारींच्या खिडकीवर बसवलं. हे आधीच सांगून टाकते, कारण आठवलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते आणि मग मला धड काही सांगता येत नाही.

त्याआधी एकतीस वर्षं ती रेकॉर्ड रूममध्ये होती. मी बाजूलाच, आवक-जावक टपालावर. आमचं हेस्टवाग गाव म्हणजे फ्योर्डच्या, डोंगरांत शिरलेल्या चिंचोळ्या खाडीच्या, दोन काठांवरची चार घरं, पण कागद मात्र दोन तळघरं भरून. त्यात आमच्याकडची रीत अशी, की माणूस ज्या शेतावर राहतो त्या शेताचं नाव लावतो. शेत बदललं की नाव बदललं, लग्न झालं की पुन्हा बदललं. एकच बाई कागदांत तीन बायका होऊन बसते.

सोलफ्रिड एकदा ऑस्लोला जाऊन काहीतरी शिकून आली आणि कॉम्प्युटरवर कामाला लागली. कागद एकामागे एक रचणं तिने सोडूनच दिलं. माणूस असो, पूल असो, होडी असो, प्रत्येकाची एकेक गाठ. माणसाची सगळी नावं त्याच्या गाठीत, आणि त्याच्याबद्दल जिथे जिथे एक ओळ जरी असेल, तो प्रत्येक कागद त्या गाठीला बांधलेला. एका गाठीवरून दुसरीवर जायला दोरा. आई, भाऊ, शेजारी, सगळे.

"अगं ओस्हिल," ती मला म्हणायची, "कागद माणसाबद्दल असतो. माणूस कागदाबद्दल असतो का कधी?"

"नसतो बाई. कॉफी घे, गार होतेय," मी म्हणायचे. माझं लक्ष वॅफलवर.

सहा वर्षं ती खपली. मग केतिल साहेब झाला. साहेब कसला, याला मी शाळेत नाक पुसताना पाहिलंय! तो नवी यंत्रणा घेऊन आला. प्रत्येक कागदाला एक शीर्षक, एक क्रमांक, एक विभाग. बास. आणि सोलफ्रिडच्या गाठी एका शुक्रवारी बंद.

"केतिल, शीर्षकात माणसं सापडत नाहीत रे," ती म्हणाली.

"सोलफ्रिड, तू भावनिक होतेयस," तो म्हणाला.

भावनिक म्हणे! डोंबल! आणि तिची रवानगी गटारांकडे. तिने गाठींची एक प्रत पेनड्राइव्हवर घरी नेऊन कॉफीच्या डब्यात ठेवली, हे मला माहीत होतं. मी कोणाला बोलले नाही.

दोन हजार दहाच्या नोव्हेंबरात एडविन नेस्सेतचं पत्र आलं. पंच्याहत्तरीचा म्हातारा, सत्तावीस वर्षं फेरीबोटीवर तिकिटं फाडलेला. नेस्सेत शेतावरच्या लोकांनी त्याला तीन वर्षांचा असताना वाढवायला घेतलं होतं. त्या घरची म्हातारी मुलगी मरता मरता त्याला सांगून गेली, की तुला एक धाकटी बहीण होती, तुम्हाला वेगवेगळं दिलं. पत्रात एवढंच विचारलं होतं. ती कोण? आहे का अजून?

त्या पत्रावर मी शिक्का मारला. यंत्रणेने शीर्षक मागितलं, मी टाकलं, 'कौटुंबिक चौकशी'. विभाग मागितला, मी 'इतर' टाकलं. उठून वीस पावलं चालत सोलफ्रिडच्या खिडकीपर्यंत गेले असते तर? नाही गेले. मीही क्रमांक देऊन मोकळी झाले.

फेब्रुवारीत उत्तर गेलं की एडविन नेस्सेत या नावाचा दस्तऐवज आढळत नाही. त्याने पुन्हा लिहिलं. मार्चमध्ये तेच उत्तर, वर 'प्रकरण समाप्त'.

मे महिन्यात त्याच्या घरामागची मोरी तुंबली म्हणून तो सोलफ्रिडच्या खिडकीशी आला. तक्रार लिहून झाल्यावर सहज म्हणाला, "तुमच्याकडे माणसाची तक्रार कुठे घेतात गं?" तिने त्याला खुर्ची दिली, सगळं ऐकून घेतलं. दुसऱ्या दिवशी सकाळी कॉफीचा डबा काखेत मारून आली आणि मलाही बोलावून घेतलं.

दहा मिनिटं लागली. दहा! एडविनच्या गाठीवरून दोरा आईकडे गेला, याकोबिने, अडतीस सालच्या हिवाळ्यात क्षयाने गेलेली. तिथून एकोणचाळीसच्या बैठकीच्या कागदावर. त्या कागदाचं शीर्षक होतं 'शाळेच्या चुलीची दुरुस्ती', आणि सहाव्या कलमात, चुलीखाली, दोन ओळी: याकोबिनेचा मुलगा नेस्सेतला, धाकटी मुलगी पलीकडच्या काठावर बाक्कनला. पुढे देवीच्या लशीच्या यादीत गुनवोर बाक्कन, तीच जन्मतारीख. पुढे लग्नाच्या नोंदीत गुनवोर स्टाइन्सवोल.

सोलफ्रिडचा हात तिथेच थांबला. मीही ते नाव वाचलं. स्टाइन्सवोलची अंत्यविधीची सूचना मीच फळ्यावर लावली होती, एप्रिलच्या अठ्ठावीस तारखेला.

नोव्हेंबर ते एप्रिल. पाच महिने ती पलीकडच्या काठावर धडधाकट होती, कोंबड्या पाळत होती, आणि इथे आमचं आपलं, दस्तऐवज आढळत नाही!

मी तशीच केतिलकडे गेले. तोंडात येईल ते बोलले. तो शांतपणे म्हणाला, "ओस्हिल, उत्तर चुकीचं नव्हतं. त्या नावाचा दस्तऐवज खरंच नाही." आणि मग, "ती प्रत सोलफ्रिडने घरी नेली होती? हे नियमात बसत नाही." त्याच आठवड्यात तिला नोटीस आली. ती नोटीस जावक रजिस्टरात चढवायला मी नकार दिला. मग त्याने स्वतःच चढवली. त्या नोटिशीलाही क्रमांक मिळाला, बरं का.

एडविनला सांगायला आम्ही दोघी त्याच्या घरी गेलो. त्याने टेबलावर तपकिरी चीज काढून ठेवलं होतं, चांगल्या बातमीच्या आशेने. सोलफ्रिडने काही लपवलं नाही, तिन्ही नावं एकामागून एक सांगितली, तारीख सांगितली.

"स्टाइन्सवोल?" तो म्हणाला. "अंड्यांच्या टोपलीवाली?"

"हो."

"दर गुरुवारी बोटीवर यायची. माझ्या शर्टावर नाव होतं ना, त्यामुळे नावाने हाक मारायची. 'काय एडविन, वारा आहे का आज?'"

"आणि तू काय म्हणायचास?" सोलफ्रिडने विचारलं.

"मी तिकीट फाडायचो," तो म्हणाला. "आणि म्हणायचो, पाय जपून टाका बाई, पायरी ओली आहे."