तंबाखूच्या सुपानं पास केलेलं मशीन

आमच्या घरातला कपडे धुण्याचा आवाज निपाणीहून बसनं आला होता. तुम्हाला अतिशयोक्ती वाटेल, पण मी स्वतः त्या बसमध्ये होतो. वडील गेल्यावर आईला बेळगावला आणायचं ठरलं, तेव्हा ती एकाच अटीवर तयार झाली. तिचा धुण्याचा दगड बरोबर येणार. पाटाएवढा, काळाभोर, मधे झिजून खोलगट झालेला. पोत्यात काय आहे म्हणून कंडक्टरनं कन्नडमध्ये विचारलं. आईनं त्याला कन्नडमध्येच सांगितलं, "कल्लु." म्हणजे दगड. म्हातारी चेष्टा करते आहे असं वाटून त्यानं पोतं उचलून पाहिलं, आणि संकेश्वर येईपर्यंत तो कमरेवर हात ठेवून उभा होता.

तो दगड आमच्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमधल्या मोरीत बसला. ऐंशीच्या दशकाची मधली वर्षं होती ती. मी शाळेत मास्तर आणि बायको सरकारी दवाखान्यात नर्स. आमच्या दोन्ही घरांत मिळून ती पहिली नर्स. तिच्या पांढऱ्या गणवेशाला इस्त्री मी करायचो. ती गल्लीतून चालत निघाली की गॅलरीत उभा राहून असा चेहरा करायचो, जसा काही दवाखानाच माझा आहे.

त्या वर्षी तिला सलग रात्रपाळी लागली. सकाळी साडेआठला ती घरी यायची, चहा घ्यायची आणि बाहेरच्या खोलीत कॉटवर आडवी व्हायची. नऊ वाजता मोरीत आई सुरू. धुणं म्हणजे आईच्या लेखी कपड्यांना द्यायची शिक्षा होती. तिनं धोपाटणं उचललं की फळीवरच्या कपबशा एकमेकींना धरून उभ्या राहायच्या. त्यात बेळगावचा पावसाळा. चार-चार दिवस कपडे वाळायचे नाहीत, म्हणून दोऱ्या बाहेरच्या खोलीतच, बरोबर बायकोच्या कॉटवर. आतून धपाधप आणि वरून टपटप.

एके दिवशी पहाटे, एका पेशंटच्या तोंडात थर्मामीटर देऊन बायको उभ्या-उभ्या झोपली. पेशंट बिचारा तोंड मिटून तिची वाट बघत राहिला. मेट्रननं पाहिलं आणि बजावलं, पुन्हा दिसलं तर वर कळवावं लागेल. घरी येऊन बायकोनं मला हळूच सांगितलं, "दिवाळीपर्यंत बघते. न्हाय जमलं तर राजीनामा देते."

हळू बोललेलं आईला नेमकं ऐकू येतं. संध्याकाळी तिनं ट्रंक काढून त्यात लुगडी भरायला घेतली.

"कुठं निघालीस?" मी विचारलं.

"निपाणीला. माझ्यापायी पोरीची नोकरी जायाची असंल तर मी हितं काय करू?"

"अगं, धुणं बंद कर म्हणजे झालं."

"आन मग करू काय दिवसभर? तुझं तोंड बघू?"

एक जण नोकरी सोडायला निघालेली, दुसरी घर सोडायला, आणि दोघी एकमेकींसाठी. मला तर बायकोची नोकरीही हवी होती आणि आईही. मग मी शाळेच्या गॅदरिंगमध्ये राजा व्हायचो त्या आवाजात जाहीर केलं, "आपण कपडे धुण्याचं मशीन घेणार आहोत."

"मशीन धुतंय व्हय," आई म्हणाली. पण ट्रंकेचं झाकण तिनं लावलं नाही, आणि पुढं भरलंही नाही.

अशी मशीनं तेव्हा बेळगावात नवीनच आली होती. एका बाजूला धुण्याचा टब, दुसऱ्या बाजूला पिळून काढणारा ड्रायर. त्यातून निघालेले कपडे तासाभरात वाळतात असं ऐकून मी निम्मा खूश होतो. पण आमच्या शाळेतल्या एका मास्तरांनी सांगितलं की त्यांच्या मेहुण्याचं मशीन पिठाच्या गिरणीसारखं चालतं, भाऊबंद डबे घेऊन यायचे तेवढे बाकी आहेत. म्हणजे आम्हाला नुसतं मशीन नको होतं. गप्प बसणारं मशीन हवं होतं.

ते निवडण्यासाठी मी एक युक्ती काढली, आणि तिचा मला फार अभिमान वाटला. बायकोला रात्रपाळीवरून सरळ खडे बाजारातल्या दुकानात न्यायचं, मशीनशेजारी खुर्चीत बसवायचं, आणि ज्याच्या शेजारी तिला झोप लागेल ते घ्यायचं. दुकानदार कन्नड मुलखातला, गोड माणूस. तो म्हणाला, "मास्तर, लोक मशीन बघायला येतात. तुम्ही झोपायला आलासा?"

त्यानं पहिलं मशीन लावलं. बायको झोपली. दुसरं लावलं, ते तर खुर्चीसकट थरथरत होतं, तरी ती झोपलेलीच. तिसरं लावलं तेव्हा ती घोरू लागली. बरोबर आलेली आई कंबरेवर हात ठेवून हे सगळं बघत होती. शेवटी तिनं सुनेला हलवून उठवलं.

"काय गं, हितं एवढ्या गदारोळात झोपतीस, आन घरात माझ्या धुण्यानं डोळा लागत न्हाय व्हय तुझा?"

बायको अर्धवट झोपेत होती. जागी असती तर बोलली नसती. डोळे मिटूनच म्हणाली, "आत्या, आवाजाचं काय एवढं न्हाय. सासू धुणं बडवतीया आन मी लोळतीया. उठावं असं वाटत राहातं. उठलं तर कामावर झोप येती."

दुकानदारानं मशीन बंद केलं. आईनं पदरानं सुनेचं तोंड पुसलं, जसं शाळेला निघालेल्या लेकराचं पुसतात, आणि दुकानदाराला म्हणाली, "आम्ही आयतवारी येतो. मशीन लावलेलं हिला कळताच कामा न्हाय, असलं काढून ठेवा."

माझी युक्ती तिथंच संपली. रविवारी परीक्षेचं सगळं सामान आईनं भरलं: बादलीत भिजवलेलं तिचं नऊवारी इरकली लुगडं, आणि विड्या वळायचं सूप. आईनं निपाणीत उभी हयात विड्या वळण्यात घालवली होती. माझी फी, माझी पुस्तकं, माझी मास्तरकी सगळी त्या सुपातून आलेली. विड्या सुटून वर्षं झाली तरी सूप तिनं टाकलं नव्हतं, आणि ओळखीच्या बाईकडून मूठभर तंबाखूही मागवून ठेवली होती.

दुकानदारानं रिकामा ड्रायर फिरवून दाखवला. "बघा आजी, आवाज हाय काय?"

"पोट रिकामं हाय तवर गपच बसणार. ह्यात माझं लुगडं घाला."

पाणी निथळणारं नऊ वार लुगडं ड्रायरमध्ये गेलं. आईनं सुपात तंबाखू घेतली, हलक्या हातानं सारखी केली आणि ते सूप मशीनच्या झाकणावर ठेवलं. मग तिनं दुकानदाराला शिकवणी दिली, आणि मी मास्तर असून हात बांधून ऐकत उभा राहिलो. सूप हललं की तंबाखूतली बारीक भुकटी खाली बसते आणि जाड तुकडे वर येतात. सूप मांडीवर घेऊन वळणाऱ्या बाईची मांडी हलली तर तंबाखू बिघडते, विडी नीट होत नाही, आणि ठेकेदार ती काढून फेकतो. तेव्हा झाकणावरच्या तंबाखूत भुकटी वेगळी झाली, तर मशीन नापास.

पहिल्या मशीननं परीक्षेला बसायच्या आधीच हॉल सोडला. लुगडं एका अंगाला गोळा झालं तसं ते धडधडत शटरकडं चालायला लागलं. सूप उलटलं. तंबाखू पंख्याखाली उडाली आणि दुकानदाराला ज्या शिंका लागल्या त्या मी तेवीसपर्यंत मोजल्या, पुढं मलाच लागल्या. दुसरं मशीन जागेवर राहिलं, पण बंद झाल्यावर आईनं सुपाचा तळ बोटानं उकरून दाखवला. खाली पिठासारखी भुकटी.

"ह्ये चाळण हाय. मशीन न्हवं."

तिसरं दिसायला सगळ्यांत साधं होतं, कोपऱ्यात ठेवलेलं. लुगडं घातलं, सूप ठेवलं. आत कुठंतरी भुंगा अडकल्यासारखं घूं झालं आणि थांबलं. आई वाकली. सुपात तिच्या बोटांच्या रेषा होत्या तशाच होत्या. तिनं लुगडं काढून झटकलं, गालाला लावून ओल किती राहिली ते पाहिलं आणि मान हलवली. इतक्या वेळात गिऱ्हाइकांचा घोळका जमला होता. त्यातल्या एका टायवाल्या गृहस्थानं दुकानदाराला विचारलं, "या बाई कंपनीच्या आहेत काय?"

मी पुढं झालो. ही संधी मी सोडणार नव्हतो. "कंपनीच्या नव्हेत. माझी आई आहे. निपाणीची." गृहस्थ आईला आदरानं म्हणाले, "मग आमचंबी एक बघून द्या की, आक्का." आणि आईनं खरोखर त्यांचंही मशीन सूप लावून तपासून दिलं. घरी येताना रिक्षात ती माझ्याकडं न बघता बाहेर बघत होती, पण मान अशी ताठ, की मला माझ्या गॅलरीतल्या चेहऱ्याची आठवण झाली.

मशीन बसलं त्याच्या दुसऱ्या दिवशी शाळेला सुट्टी होती. बायको आली, चहा घेतला, झोपली. आईनं मधलं दार लोटलं, मशीनच्या पायाखाली गोणपाटाच्या घड्या सारल्या आणि बटण फिरवलं. घूं. मी दारात पहारेकऱ्यासारखा उभा राहिलो, तर तिनं मला हातानं बाजूला केलं. "तू श्वास लई मोठ्यानं घेतोस."

बायको उठली ती साडेतीनला. दचकून, केस सुटलेले. "आत्या, किती उशीर झाला ओ. धुणं राहिलं असंल, द्या मी लावते."

आई भाजी निवडत होती. तिनं मान वर केली नाही. "कसलं धुणं? आज धुणंच न्हवतं. मी बी जरा पडले हुते."

एवढं खणखणीत खोटं इतक्या शांतपणे बोललेलं मी आजवर कुठल्या स्टेजवर ऐकलेलं नाही. राजा मी, पण कलावंत ती. बायको गॅलरीत गेली. तिथं तिचा गणवेश, माझे सदरे, चादरी सगळं वाळून खडखडीत झालं होतं. तिनं गणवेशाची बाही दोन बोटांत धरून पाहिली, बराच वेळ. मग आत आली, सासूकडं बघितलं आणि तिच्याइतक्याच शांतपणे म्हणाली, "व्हय, न्हवतंच आज. ड्यूटीला येळ हाय अजून. मी जरा पडते."

आणि ती परत झोपली, उठावंसं न वाटता. शेजारीण पीठ मागायला आली तेव्हा आईनं तिला दारातच अडवलं. शेजारणीनं कॉटकडं बघून भुवई उंचावली, "सून झोपलीया व्हय ह्या येळंला?"

"व्हय," आई म्हणाली, मुद्दाम जरा हळू, पण सगळ्या जिन्याला कळेल इतकं. "रातभर लोकांची माणसं राखून आलीया. झोपणारच की."

ट्रंकेतली लुगडी त्याच संध्याकाळी तिनं एकेक करून परत कपाटात लावली.