हॅमिल्टन ते वेलिंग्टन, एकमेकींची ओळख करून द्यायला

१. शनिवारी सकाळी हॅमिल्टनहून निघालो. गाडीत दोघीच: मी आणि मारिसोल.
२. टाउपो, डेझर्ट रोड, ताइहापे असं करत संध्याकाळी अप्पर हटला पोचलो.
३. रविवारी ट्रेनने वेलिंग्टन. तिथे लॅटिन अमेरिकी विद्यार्थी आणि नोकरी करणारे इंजिनिअर यांचा मेळावा होता. मी लॅटिन अमेरिकी नाही.
४. मेळाव्यात मला स्वतःबद्दल बोलायला मनाई होती.
५. सोमवारी परत आलो. बुधवारी फोन आला.

ज्यांना एवढंच हवं होतं त्यांनी इथे थांबायला हरकत नाही. ज्यांना या रस्त्याने जायचं आहे, किंवा माझ्यासारखं सुट्टीतलं काम शोधायचं आहे, त्यांच्यासाठी पुढचं लिहिते.

आमच्या इंजिनिअरिंगला उन्हाळ्याच्या (इथे डिसेंबर ते फेब्रुवारी) सुट्टीत कंपनीत काम केल्याशिवाय डिग्री मिळत नाही. परीक्षा संपल्या, नोव्हेंबर अर्धा झाला, तरी माझ्याकडे काम नव्हतं. अर्ज पाठवले होते, एकही चूक नसलेले. उत्तरं आली नाहीत, किंवा 'तुमचं नाव नोंदवून ठेवलं आहे' अशी आली. रोटोटुनातल्या आमच्या घरी जेवताना हा विषय काढायचा नाही, असं न बोलताच ठरलं होतं. आई कधीतरी म्हणायची, "कोणाची ओळख असती तर." आमच्या ओळखी म्हणजे बाबांच्या आयटीतली माणसं आणि गणपतीला भेटणारी चार घरं. मला हवं होतं पंपांसारख्या यंत्रांचं काम, आणि त्यांत ते करणारं कोणी नाही.

मारिसोल माझ्या वर्गात एका वर्षासाठी कॅलिफोर्नियाहून आली आहे. ती स्वतःला चिकाना म्हणवते: जन्म अमेरिकेतला, आजी-आजोबा मेक्सिकोचे. कॉलेजात जाणारी घरातली पहिलीच. "इंटरव्ह्यूला काय घालतात हेही आमच्या घरी कोणाला माहीत नव्हतं," असं ती सहज सांगते. तिच्या कॉलेजात चिकानो आणि लॅटिनो मुलांचं एक मंडळ आहे. वरच्या वर्गातली मुलं नव्यांना कंपन्यांतल्या माणसांना भेटवतात, मुलाखतीची तालीम घेतात, वेळ पडली तर स्वतःचा ब्लेझर देतात. वेलिंग्टनमधल्या काही लॅटिन अमेरिकी इंजिनिअरांनी इथे तसंच सुरू केल्याचं तिला कळलं होतं. फक्त डाव्या बाजूने गाडी चालवायची तिला भीती वाटते.

"तू चालव. पेट्रोल माझं."

"आणि तिथे मी काय करू?"

"माझ्या शेजारी बस. जोडीशिवाय आत घेत नाहीत."

"मी लॅटिन नाही, मारिसोल."

"तुला काम नाही. तेवढं पुरे आहे."

टिराउला कॉफीसाठी थांबलो तेव्हा तिने उरलेला नियम सांगितला. तिथे कोणी स्वतःबद्दल बोलत नाही. जोडीतल्या एकीने उठायचं आणि दुसरीची ओळख करून द्यायची. मग उलट.

"हे हॅमिल्टनमध्ये का नाही सांगितलंस?"

"तू आली नसतीस."

बरोबर होतं. मी गाडी सुरू केली.

टाउपोला तळ्याकाठी डबा खा, बाकं भरपूर आहेत. तुरांगीला टाकी भरून घ्या, पुढे डेझर्ट रोडवर वायउरूपर्यंत पंप नाही आणि फोनला रेंजही नाही. दोन्ही बाजूंना तपकिरी गवत, उजवीकडे बर्फाचे डोंगर. आदल्या रात्री रस्ता उघडा आहे ना, हे बघून निघा. नोव्हेंबरातही एखाद दिवस बर्फ पडतो. इथे मी मारिसोलला प्रश्न विचारायला सुरुवात केली. कोणत्या विषयात किती ग्रेड, कोणती सॉफ्टवेअरं येतात, शिष्यवृत्ती कोणत्या वर्षी. ती खिडकीबाहेर बघत उत्तरं देत होती.

ताइहापेला बेकरीतून गरम पाई घेतल्या. (इथला मोठा पत्र्याचा गमबूट सगळे बघतात, आम्हीही बघितला. पाई जास्त चांगल्या होत्या.) गाडीच्या बॉनेटवर पेपर नॅपकिन पसरून मी तालमीसाठी तिची ओळख बोलून दाखवली. तिने पाई खाता खाता ऐकली.

"संपलं?"

"हो. काही राहिलं का?"

"मी राहिले. तू माझी मार्कशीट वाचलीस."

मला राग आला, कारण सगळं अचूक होतं. पण आमच्याकडे कोणाच्या मुलाची ओळख अशीच करून देतात: बोर्डात किती, इंजिनिअरिंगला कितवा. दुसरी पद्धत मला येत नव्हती.

अप्पर हटला जाताना वायकानेहून अकाटारावाचा डोंगरातला रस्ता नकाशावर जवळचा दिसतो. जाऊ नका. अरुंद आहे, वळणं संपत नाहीत. पुढे जाऊन हेवर्ड्सच्या घाटाने या. आम्ही जोशीकाकूंकडे उतरलो; काकू म्हणजे आईची पुण्याची मैत्रीण. त्यांच्या सासूबाई साताऱ्याहून सहा महिन्यांसाठी आल्या आहेत. त्यांना सगळे आजी म्हणतात. मारिसोलने पहिल्याच घासाला ठेचा भाकरीवर थापून खाल्ला आणि तिच्या डोळ्यांत पाणीही आलं नाही.

"हिचं लग्न ठरलंय का विचार," आजी मला म्हणाल्या.

सात वर्षांची नात इरा मान वर न करता म्हणाली, "आजी, you can't just ask that."

"हिला मराठी सगळं कळतं, बोलायला मात्र तोंड दुखतं," आजी म्हणाल्या. मग आम्ही कशाला आलो ते त्यांनी विचारलं. मी नियम सांगितला आणि हे विचित्र आहे, असंही म्हणाले.

"विचित्र काय त्यात? स्थळ सांगताना मुलगी स्वतः बोलते का? मध्यस्थ बोलतो. मी सतरा लग्नं जमवलीत."

"एकोणीस म्हणाला होतात परवा," काकू ओट्याजवळून म्हणाल्या.

"दोन मोडली, ती धरत नाही. ऐक गं गौरी. नुसतं गुणगान केलंस तर समोरच्याला वाटतं, काहीतरी लपवतेय. आधी एक खोट सांगायची. खरी. मग बाकीचं पटतं."

मी हे मारिसोलला इंग्रजीत सांगितलं. तिने काटा खाली ठेवला. "ही बाई आमच्या मंडळात पाहिजे होती."

रविवारी गाडी काकूंच्या दारात ठेवून ट्रेनने गेलो. तुम्हीही तेच करा. वेलिंग्टनमध्ये पार्किंग शोधण्यापेक्षा हट नदीच्या कडेने बसून जाणं स्वस्त आणि बरं. स्टेशनबाहेर वाऱ्याने मारिसोलचे केस आणि माझी फाइल दोन्ही विस्कटली. हॉल साधा होता. चिली, कोलंबिया, मेक्सिको इथली वीसेक मुलं आणि समोर सात-आठ नोकरी करणारी माणसं. दारावरच्या माणसाने "किया ओरा" म्हणून हात मिळवला आणि पुढचं सगळं तो स्पॅनिशमध्ये बोलला. मारिसोलने माझ्याकडे बोट दाखवून काहीतरी सांगितलं. तो हसला. काय सांगितलं ते तिने अजून सांगितलेलं नाही.

ओळखी मात्र इंग्रजीत होत्या. आधी मी उठले. फाइल बंदच ठेवली.

"मारिसोल उशिरा येते," मी म्हणाले. "दर वेळी. पूर्ण वर्षात ती एकदाही वेळेवर आली नाही." हॉल हसला. "तिची वाट बघून कंटाळले म्हणून एकदा मी लॅबमध्ये शोधायला गेले. पहिल्या वर्षातल्या एका मुलीचं सर्किट चालत नव्हतं. मारिसोल ते स्वतः दुरुस्त करत नव्हती. शेजारी बसून प्रश्न विचारत होती. त्या मुलीला चूक सापडेपर्यंत ती उठली नाही. तिचा उशीर बहुतेक असा असतो."

मग ती उठली. मला हात कुठे ठेवायचे ते कळेना.

"गौरी थँक यू म्हणते तेव्हा मीटर वाचल्यासारखी म्हणते," ती म्हणाली. "खूश आहे की नाही, कळत नाही. आमच्या गटाने पंपाची कंपनं मोजली होती. ग्राफ सुंदर आला. सर खूश, आम्ही खूश. ही एकटी गप्प. दुसऱ्या दिवशी येऊन म्हणाली, आपण पंप मोजलाच नाही, सेन्सरची सैल पट्टी मोजली. ईस्टरच्या सुट्टीत आम्ही सगळे समुद्रावर होतो. हिने सगळी मोजमापं पुन्हा घेतली आणि रिपोर्टवर सगळ्यांची नावं घातली. आम्हाला कोणाला सांगितलंही नाही. मला कळलं होतं, पण मीसुद्धा तिला कधी तसं म्हणाले नाही. आज म्हणते आहे."

मी जमिनीकडे बघत होते. ते कोणाच्या लक्षात आलं असेल असं मला वाटलं नव्हतं.

समोरच्या रांगेतून एलेना नावाच्या बाईंनी हात वर केला. मूळच्या पेरूच्या, लोअर हटमध्ये पाणीपुरवठ्याच्या पंपांवर काम करणाऱ्या एका लहान फर्ममध्ये आहेत. "पट्टी सैल आहे हे कळलं कसं?"

नियमाप्रमाणे मी बोलायला नको होतं. मी मारिसोलकडे बघितलं. "हे तूच सांग," ती म्हणाली.

"पंपाचा वेग बदलला तरी ग्राफमधलं शिखर जागचं हलत नव्हतं. पंपाचं असतं तर वेगाबरोबर सरकलं असतं."

त्यांनी काहीतरी लिहून घेतलं. चहाच्या वेळी विचारलं, "या उन्हाळ्यात कुठे आहेस?"

"कुठेच नाही."

"बरं," एवढंच म्हणाल्या आणि माझा नंबर घेतला.

सोमवारी परत निघालो. डेझर्ट रोडवर पाऊस होता, डोंगर दिसले नाहीत. हॅमिल्टनला तिच्या हॉस्टेलसमोर गाडी थांबवून मी म्हणाले, "थँक यू, मारिसोल."

"मीटर," ती म्हणाली, आणि दार लावून गेली.

बुधवारी एलेनाबाईंचा फोन आला. डिसेंबरपासून सुट्टी संपेपर्यंत काम. आईने फोन माझ्या हातातून घेऊन, काही कारण नसताना, पुन्हा कानाला लावून बघितला. मी अप्पर हटला जोशीकाकूंच्या मागच्या खोलीत राहणार आहे. आजींनी कळवलं आहे की हे त्यांचं अठरावं.

मारिसोल पुढच्या महिन्यात कॅलिफोर्नियाला परत जाते. तिच्यामुळे मला काम मिळालं. हे तिला नीट सांगता आलं नाही, म्हणून इथे लिहिलं. ती मराठी वाचत नाही. काल तिला अर्ध्या तासात इंग्रजीत करून वाचून दाखवलं. ती म्हणाली, "ठीक आहे. हे मीटर नव्हतं."

सुट्टी संपल्यावर, फेब्रुवारीच्या शेवटी, त्याच हॉलमध्ये पुन्हा मेळावा आहे. मी एलेनाबाईंना विचारलं की आता माझी जोडीदार नाही, तर मी येऊ का. त्या म्हणाल्या, "ये. तुझ्या शेजारी कोण बसेल ते तू ठरव, कुठल्याही देशाचं चालेल."

तेव्हा हॅमिल्टन किंवा आसपास शिकणाऱ्या, काम शोधणाऱ्या कोणाला तुम्ही ओळखत असाल, तर खाली लिहा. स्वतःबद्दल लिहू नका. त्या व्यक्तीबद्दल लिहा, आणि तिची एक खरी खोटही सांगा. गाडी मी चालवेन. नाव लवकर कळवायचं आहे, म्हणून उत्तर येत्या गुरुवारपर्यंत द्या.