चौथीच्या खोलीचे खिळे

शाळा सुरक्षितपणे उघडण्याविषयी आमच्या पेणच्या खाडीकाठच्या गावात सर्वांत मोठ्या आवाजात बोलणारा मनुष्य म्हणजे शाळा समितीचा अध्यक्ष हैबतराव. दीड वर्षापूर्वी शाळेच्या खिडक्यांना खिळे ठोकणाराही तोच. ही हकिकत मात्र त्याची नव्हे, सगुणाबाईची आहे.

सगुणाबाई मिठागरात राबलेली विधवा. गेली अकरा वर्षे ती शाळेत मुलांची खिचडी शिजवते. टाळेबंदीत लेकीचे बाळंतपण उरकून ती रोह्याहून परतली, तेव्हा तिला चौथीच्या खोलीत चौदा दिवस ठेवण्यात आले. तिला ना ताप होता, ना खोकला. तरीही तिच्याकडचा वारा वस्तीवर येऊ नये म्हणून हैबतरावाने खिडक्या लावून बाहेरून फळ्या ठोकल्या. मे महिना होता. खोली हवेशीर असावी, असे विलगीकरणाच्या परिपत्रकात स्पष्ट लिहिले होते. मी ते वाचले होते आणि कोणालाही दाखवले नव्हते. मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालेल्या माणसाला हे शोभणारे नव्हते.

पुढच्या वर्षी डिसेंबरात लहान वर्ग उघडायचे ठरले. एका बाकावर एक मूल, खिडक्या उघड्या, आजारी मूल घरी, असे नियम होते. त्या खोलीवाचून मुलांना अंतरावर बसवणे अशक्य होते, आणि चौदा दिवस संपताच सगुणाबाईने स्वतः तिला लावलेल्या कुलपाची चावी अजून तिच्याकडेच होती.

"चावी दे गो, सगुणा," शाळेच्या ओट्यावर सर्वांदेखत हैबतराव म्हणाला. "सुतार बोलावलाय."

"ठोकताना नव्हता बोलावलास. तूच काढ, दादा."

"सगळ्यांच्या जिवासाठी ठोकले होते ते."

"व्हय. माझा तेवढा मोजायचा राहिला."

बाया हसल्या. हैबतराव भडकला. "काम जाईल तुझं! माझा साईराज तुझ्या हातचं खाणार नाय."

"नको खाऊ दे. तेव्हा माझा डबा काठीनं सरकवायचास. चावी पण काठीनंच घेतोस काय?"

त्यावर मी उठून ते जुने परिपत्रक वाचून दाखवले. दीड वर्ष उशिरा. हैबतराव माझ्याकडे असा पाहू लागला, की जणू खिळे मीच ठोकले होते. शाळेचे आताचे गुरुजी म्हणाले, "खोली उघडली नाही, तर निम्मी मुले घरी राहतील." आता पालकही हैबतरावाकडे पाहू लागले.

अखेर त्याने सुताराच्या हातून पकड ओढून घेतली. तासभर तो खिळे उपटत होता आणि सगुणाबाई समोर मांडी घालून बसली होती. शेवटची फळी पडली, तेव्हा तिने कुलूप उघडले. आत तिची गोधडी तशीच पडली होती. ती तिने काखेत मारली.

"साबणाचं पाणी तयार हाय," ती म्हणाली. "धुवा आता."

हैबतराव निघून गेला. खोली इतरांनी धुतली.

सगुणाबाईचे काम टिकले. साईराज घरून डबा आणतो. सभेत हैबतराव अजूनही सुरक्षिततेवर भाषण करतो. तो उभा राहिला की सगुणाबाई उठते, चौथीच्या उघड्या खिडक्या एकेक करून लावते आणि धाडकन पुन्हा उघडते. तिला थांबवण्याची कोणाचीही छाती होत नाही.