डाळ शिजवून घर पाहणारी माणसं

नांदुऱ्याला स्टेशनपासून जरा बाहेर आमचं लेआउट आहे. पंचवीसेक वर्षांपूर्वी आम्ही इथे प्लॉट घेतले, तेव्हा घर बांधायचं ते शेवटपर्यंत राहायला, एवढाच हिशेब होता. विकण्याचं कोणी बोललं तरी अपशकुन वाटायचा. आता दर तिसऱ्या फाटकावर ‘घर विकणे आहे’ची पाटी लटकते. पोरं पुण्याला, आणि रिटायर झाले की आईबापही त्यांच्यामागे. घेणारे बहुतेक आसपासच्या खेड्यांतले, पोरांच्या शाळेसाठी आणि ट्यूशनसाठी आलेले. या नव्या गिऱ्हाइकांवर माझा फार जीव आहे.

त्याला कारण आहे. आमचा भाग खारपाणपट्ट्यातला. नळाचं पाणी त्याच्या मर्जीनं येतं, म्हणून सगळा संसार बोअरवर. एकाचं बोअर बरं, तर शेजारच्याचं इतकं खारं की त्यात तुरीची डाळ तासभर उकळली तरी टणकच. पूर्वी लोक पूर्वेकडे दार आहे का, ते विचारायचे. आता घर पाहायला आलेली म्हातारी कमरेच्या पिशवीतून मूठभर डाळ काढते आणि म्हणते, “बाई, जरा कुकर लावता का?” डाळ शिजली तरच पुढची बोलणी. तोवर दलाल कागदांची फाइल मांडीवर घेऊन शिट्ट्या ऐकत बसतो. कपाळाला आठ्या घालून बसलेल्या त्या दलालाकडे बघायला मला भारी मजा येते.

ही मजा शेजारच्या फाटकावर पाटी लागली तेव्हा संपली.

शेजारच्या वहिनी आणि मी एकाच वर्षी राहायला आलो. मी शाळेत शिकवायला जायचे तेव्हा माझ्या घराची किल्ली त्यांच्याकडे असायची. त्यांचे मालक गेले त्यानंतर रोजचा संध्याकाळचा चहा आम्ही त्यांच्याच ओट्यावर प्यायचो. मुलगा आणि सून पुण्यात नोकरीला, आणि सात वर्षांची नात शाळेतून आली की कुलूप उघडून एकटी बसायची. “मले जा लागते बाई,” वहिनी म्हणाल्या. “लेकरू एकटं राहून राह्यलं.” मी हो म्हणाले आणि घरी येऊन उगाच भांडी आपटली.

पहिलं गिऱ्हाईक म्हणून एक म्हातारी आली, मुलाला आणि दलालाला घेऊन. घर तिला आवडलं. वहिनींनी तिची डाळ धुऊन कुकरात घातली, पाणी ओतलं, आणि त्या सगळ्यांना गच्चीवरची टाकी दाखवायला घेऊन गेल्या. “तेवढ्या पाच शिट्ट्या पाहा,” असं मला सांगून. वहिनींच्या पाण्याला पाच लागतात, ते मला माहीत होतं. दोन झाल्या आणि मी गॅस बंद केला.

सगळे खाली आल्यावर मी सांगितलं, पाच झाल्या. जन्मभर मुलांना खोटं बोलू नका म्हणून छड्या मारलेली बाई मी, आवाज जराही हलला नाही. म्हातारीनं दाणा बोटात दाबला, मग जिभेवर ठेवला आणि तोंड वाकडं केलं. “लय खारं हाये वो,” ती म्हणाली आणि चपला शोधू लागली.

दलालानं ते गावभर केलं. पुढचे दोन महिने त्या फाटकात कोणी पाऊल टाकलं नाही. मला आधी आनंद झाला, हे कबूल करते. मग एका संध्याकाळी फोन वाजला. चहा पिता पिता वहिनींनी तो स्पीकरवर टाकला, आणि नात विचारत होती, “आजी, तू कधी येणार?” त्यानंतर तो चहा काही गोड लागेना. दुसऱ्या दिवशी मी दलालाला गाठलं. म्हटलं, म्हाताऱ्या बाईंना परत आणा, त्या दिवशी शिट्ट्या मोजण्यात माझी चूक झाली.

म्हातारी परत आली, नवी मूठभर डाळ घेऊन. या खेपेला मी शेगडीपाशी ठाण मांडलं. डाळ मी धुतली, पाणी मी घातलं, पाचही शिट्ट्या मी मोजल्या, वहिनींना जवळ फिरकूही दिलं नाही. डाळ अशी शिजली की म्हातारीनं वाटीभर खाऊनच टाकली. महिन्याभरात खरेदी झाली.

वहिनी निघाल्या त्या सकाळी मी त्यांच्यासोबत स्टेशनवर बसले होते. गाडी यायला वेळ होता. राहवेना, म्हणून सगळं सांगून टाकलं: दोन शिट्ट्या, खोटं, दलालाकडे जाणं.

वहिनी माझ्याकडे वळल्या. “तुमच्या दोन शिट्ट्यांनं डाळ कच्ची राह्यली असन,” त्या म्हणाल्या. “पन खारी कशी झाली, इचार नाही केला? गच्चीवर जायच्या आधी म्याच मूठभर मीठ टाकलं होतं त्यात.”

“मग दुसऱ्या बारीला का नाही टाकलं?”

“तुमी कुकरापासून हलल्याच कुठं, बाई?”

असं म्हणून त्या हसल्या, आणि हसता हसता रडू लागल्या. मी आयुष्यात इतकी मन लावून डाळ कधी शिजवली नव्हती. त्या प्रामाणिकपणाचा मला इतका राग आला की गाडी आली तरी मी त्यांचा हात सोडेना.