प्रतिष्ठित पंच

दिगंबरमामा गेल्याचा फोन आला तेव्हा मी दुर्गच्या कोर्टात, बार रूममध्ये बसले होते. दुपारचे बारा वाजले असतील. फोन मामीचा होता आणि ती रडत नव्हती. "गेले वं तुझे मामा. सकाळी चहा घेतला अन् खुर्चीतच मान टाकली. चार वाजता नेऊन राहिले. तू येऊन राहिली ना?" मी म्हटलं, "बघते मामी, तारीख आहे." तारीख खरंच होती, पण ती एक वाजताच पुढे ढकलली गेली आणि त्यानंतर मला काडीचंही काम नव्हतं. भिलाई अर्ध्या तासावर. मी दोन चहा घेतले, वर्तमानपत्रातलं शब्दकोडं सोडवलं, चार वाजून गेल्याची खात्री केली आणि स्कूटर काढून घरी गेले. आता सहा आठवडे झालेत. इथल्या मराठी मंडळाच्या लोकांनी त्यांच्या अंकाच्या पुरवणीसाठी मामांबद्दल दोन चांगले शब्द लिहून मागितले आहेत. चांगले शब्द त्यांना मिळतील, पण आधी बाकीचे ऐकून घ्यावे लागतील.

मामा म्हणजे माझ्या आईचे धाकटे भाऊ. भंडाऱ्याकडच्या गावातून तिघे भाऊ भिलाईला आले. दोघे कारखान्यात लागले. यांचा उजवा पाय जन्मापासून आखूड, त्यामुळे मेडिकलमध्ये नापास. मग यांनी शिलाई मशीन घेतलं आणि बाजारात, पोलीस ठाण्याच्या भिंतीला लागून, दुकान टाकलं. ठाण्याच्या वर्द्या तिथेच शिवल्या जायच्या. बटण तुटलं, पॅन्ट सैल झाली, की शिपाई दुकानात, आणि येताना बऱ्याचदा हातात कागद. कुठे काही जप्त झालं, कुठे झडती झाली, की कागदावर दोन पंचांच्या सह्या लागतात. मामा काजं करता करता सही करायचे. काय जप्त झालं, कुठून झालं, हे विचारण्याची त्यांना कधी गरज वाटली नाही. मी आठवीत असताना त्यांनी असा एक कागद मला वाचायला दिला होता. "वाच बाई, इथं काय लिहून हाये?" मी वाचलं, 'मोहल्ले के दो प्रतिष्ठित व्यक्ति'. मामा मामीकडे वळून म्हणाले, "पाह्य. सरकारी कागदावर हाये. माह्या भावायले कोनी लिहून देल्लं काय असं?" मलाही तेव्हा अभिमान वाटला होता. शाळेत जाऊन सांगितलंही होतं.

पुढे वकिलीला गेले तेव्हा हे 'प्रतिष्ठित' कुठून आलं ते कळलं, आणि अभिमान पार उतरला. गोऱ्या सरकारने इथे पोलीस नेमले, पण त्या पोलिसांवर त्याचा कवडीचा भरवसा नव्हता. कारण साधं होतं. त्याला जरब बसवणारे पोलीस हवे होते, आणि जरब बसवणारा माणूस खरं बोलेल अशी अपेक्षा त्यालाही नव्हती. म्हणून कायद्यात लिहिलं की पोलिसापुढे दिलेली कबुली चालणार नाही, आणि झडतीला मोहल्ल्यातली दोन अब्रूदार माणसं उभी करा. इथवर ठीक. पण त्याच कायद्याने एक खिडकी उघडी ठेवली... आरोपीच्या सांगण्यावरून एखादी वस्तू सापडली, तर सांगण्याचा तेवढा भाग चालेल. झालं. दीडशे वर्षं या देशातल्या चोऱ्या त्या एका खिडकीतून उघडकीला येताहेत. आमच्याकडे त्या कागदाला मेमोरेंडम म्हणतात. चोर रायपूरचा असो की अहिवाऱ्याचा, शिकलेला असो की अंगठेबहाद्दर, कागदावर सगळे एकाच शुद्ध हिंदीत बोलतात, 'चलिए, चलकर बरामद करा देता हूँ'. साहेब गेला, झेंडा बदलला, राज्य वेगळं झालं. परवा-परवा कायद्यांची नावं बदलली, कलमांचे आकडे बदलले, समारंभही झाले. खिडकी आहे तिथेच आहे. तिच्या चौकटीला दोन्ही बाजूंनी टेकून उभे असतात ते मामांसारखे प्रतिष्ठित.

आता चांगला शब्द. मला सनद मिळाली तेव्हा माझा पहिला काळा कोट मामांनी शिवला. उन्हाळ्यात खालच्या कोर्टात कोट न घालण्याची सूट असते, पण नव्या वकिलाची, त्यातून बाईची, ती सूट घ्यायची हिंमत होत नाही. मामांना हे न सांगता कळलं. त्यांनी पाठीचं अस्तर घातलंच नाही, बगलेत जाळीचं कापड लावलं आणि वरून कुणाला पत्ता लागू दिला नाही. "थंड्या मुलखातल्या लोकायचा कोट हाये हा. इथं मे महिन्यात मानूस शिजून जाईन." कोर्टात इतर वकील घामाने निथळायचे आणि मी कोरडी. चार उन्हाळे मी तो कोट वापरला. सुखबतीच्या खटल्यानंतर रायपूरहून तयार कोट आणला, आणि घामाने निथळत राहिले.

सुखबती जुनवानीच्या एका घरी भांडी घासायची, राहायची मरोद्याला. त्या घरातली सोन्याची साखळी गेली. तीन दिवसांनी सुखबती ठाण्यात आणि साखळी तिच्या तांदळाच्या डब्यात. ती डब्यात कुणी ठेवली ते मला आजही माहीत नाही, आणि मला ठाऊक आहे असं मी म्हणणारही नाही. सुखबतीला जामीन राहणारं कुणी नव्हतं. ती चार महिने आत होती तेव्हा विधी सहाय्याकडून तिची फाइल माझ्याकडे आली. जप्तीपत्रक उघडलं आणि खालची सही ओळखली. दिगंबरमामांची होती, शेवटच्या अक्षराला ओढलेल्या लांब रेघेसह. मग वर तारीख वाचली, वेळ वाचली. सकाळी साडेअकरा. मी फाइल मिटली. त्या दिवशी, त्या वेळी, मामा आमच्या घरी पाटावर बसले होते. माझ्या आईचं वर्षश्राद्ध होतं. वाढायला मीच होते. त्यांनी कढी दोनदा मागून घेतली होती.

मी आधी त्यांच्या घरी गेले. हात जोडले. म्हटलं, मामा, फक्त खरं बोला, सही दुकानात केली एवढंच सांगा. ते कापडावर खडूने खुणा करत होते. "अन् मंग आजवरच्या सगळ्या सह्यायचं काय, बाई? एक खोटी निघाली तं सगळ्याच खोट्या होत नाई काय?" मी म्हटलं, "तिला घरी दोन पोरी आहेत." ते म्हणाले, "साखळी सापडली ना तिच्या घरी? सापडली. मंग?" मला वाटलं, पिंजऱ्यात उभे राहिले, माझ्याकडे पाहिलं, की खोटं बोलवणार नाही त्यांच्याने.

बोलवलं. अगदी व्यवस्थित बोलवलं. कागद त्यांनी आदल्या दिवशी ठाण्यात जाऊन वाचलेला होता. डबा कोणता, स्टीलचा. झाकण कसं, घट्ट. साखळी कशात गुंडाळलेली, लाल फडक्यात. एकही टाका चुकला नाही. शेवटी मी विचारलं, "उस समय आप अपनी बहन के श्राद्ध में बैठे थे, मेरे घर में?" कोर्टात कुजबुज झाली. मामांनी माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता, लाजही नव्हती... मला तर ती विनंती वाटली, की हे नको विचारू. मग ते म्हणाले, "गलत है." आमच्याकडे साक्षीदाराचं उत्तर न्यायाधीश आपल्या साच्यात घालून लिहवतात. तो साचाही जुनाच. लिहिलं गेलं, 'यह कहना गलत है कि मैं उस समय अपनी बहन के श्राद्ध में था.' त्याखाली मामांनी सही केली. शेवटच्या अक्षराची रेघ नेहमीइतकीच लांब.

बाहेर व्हरांड्यात ते माझ्यासाठी थांबले होते. "तू मले साऱ्यायसमोर खोटा पाडून राहिली होती. कावून? बापाच्या जागी हाव मी तुह्या." मी त्यांना म्हटलं, तुम्ही आज माझ्या आईचं श्राद्ध पुसून टाकलंत. आणि पायऱ्या उतरून आले. ते शेवटचं बोलणं. सुखबतीला वर्षाची शिक्षा झाली. अपिलात ती सुटली, पण तोवर शिक्षा भोगून झाली होती. वरच्या कोर्टाने निकालात लिहिलं की पंच विश्वासार्ह वाटत नाही. ते वाचून मला आनंद झाला, हे कबूल करते. जुनवानीत तिला पुन्हा कुणी दारात उभं केलं नाही. आता ती मुलींना घेऊन गावाकडे असते, असं ऐकते.

पण सगळा राग मामांच्या नावावर टाकून मी मोकळी होऊ शकत नाही. वकिलाला आपल्याच खटल्यात साक्षीदार होता येत नाही, हा नियम आहे. पण वकीलपत्र सोडता येतं. सोडून, दुसरा वकील देऊन, मी स्वतः त्या पिंजऱ्यात चढून शपथेवर सांगू शकले असते की हा माणूस साडेअकरा वाजता माझ्या हातची कढी जेवत होता. सुखबतीने मला तसं विचारलंही होतं, तुरुंगाच्या भेटीत, तिच्या बोलीत, अगदी साधेपणाने, "तैं काबर नइ बतावस, दीदी?" तूच का नाही सांगत? मी तिला नियम समजावून सांगितला. नियमाची दुसरी बाजू सांगितली नाही. सख्ख्या मामाला शपथेवर खोटारडा म्हणायला माझी जीभ रेटत नव्हती, आणि नियमाआड लपून, बाहेर कुणाला न दिसता, खटला हरता येत होता.

गेल्या आठवड्यात मामीचा पुन्हा फोन आला. एका जुन्याच खटल्यात मामांना साक्षीचं समन्स निघालं होतं. शिपाई दुकानात येऊन बसलाय, कागद वाचायला ये, म्हणाली. इतक्या वर्षांत मी पहिल्यांदा त्या दुकानाची पायरी चढले. कापायच्या टेबलावर शिपायाने कागद पसरला होता, नेमका खिडकीजवळच्या कोपऱ्यात, जिथे लाकडाचा रंग उडून गुळगुळीत झालंय. इतकी वर्षं सह्या तिथेच होत असणार. शेजारच्या पानवाल्याने पंच म्हणून आधीच सही केलेली होती. शिपायाने बोट ठेवलं, "यहाँ, मैडम." त्याला मी वाचेन असं वाटलं नव्हतं. मी वाचलं. 'हम पंचान तस्दीक करते हैं कि साक्षी फौत हो चुका है तथा उसका अंतिम संस्कार हमारे समक्ष हुआ.'

"मी तिथे नव्हते," मी म्हटलं. मग त्याच्यासाठी हिंदीत म्हटलं.

तो समजुतीने हसला. "पर मौत तो सच है ना, मैडम?"

मी नाही म्हटलं असतं तर समन्स तसंच परत गेलं असतं. मग वॉरंट निघालं असतं, आणि मेलेल्या माणसासाठी मामीच्या दारात पोलिसांच्या खेपा सुरू झाल्या असत्या. तसं, अंत्यसंस्काराची ती ओळ खोडून बाजूला सही करता आली असती. वकिलाला एवढं तर येतंच. मी पेन त्या ओळीवर नेलंही. मामी समोर उभी होती, पदराने चष्मा पुसत. मी मातीला का आले नाही हे तिने मला विचारलं नव्हतं, तेव्हाही नाही आणि आताही नाही. ती ओळ खोडली असती तर सरकारी कागदावर कायमचं राहिलं असतं की मामाच्या मातीला भाची नव्हती.

"कर न वं सही," मामी म्हणाली. "थे तं कोनाले नाई म्हनत नोयते."

मी सही केली. खाली नाव लिहिलं, वय लिहिलं, आणि व्यवसायाच्या रकान्यात लिहिलं, वकील.